काळं कपाट

पत्र मेहुणीनं मोठ्यानं वाचलं. मी आधी स्वतः वाचलं होतं, पण राग आला की मला अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या ओळी दिसतात. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चष्मा विसरून आली होती म्हणून कागद हातभर लांब धरून वाचत होती.

"'सदर मोजमापे आमच्या दिवंगत सहकारी यांनी एकट्याने केली होती. त्यांच्या नोंदी अपुऱ्या असल्याने, आणि तेच प्रयोग नऊ वेळा करूनही तसे निकाल न मिळाल्याने, सदर लेख मागे घेण्याचे ठरले आहे. तसे पत्र सोमवारी नियतकालिकाकडे जाईल. आपणास आगाऊ कळवणे हे आमचे कर्तव्य समजतो.'" तिनं कागद खाली केला. "म्हणजे ताईनं थापा मारल्या, असंच म्हणतायत ना हे?"

"थापा नाही. वेंधळेपणा."

"ते तर त्याहून वाईट. ताई आणि वेंधळी? जिनं माझ्या बाहुलीच्या कपड्यांना नंबर घातले होते? भावोजी, तुम्ही गप्प बसणार आहात का?"

मी गप्प बसणार नव्हतो. बायको जाऊन अकरा महिने झाले होते आणि अकरा महिने मला कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं. आजारावर ओरडता येत नाही. डॉक्टर बिचारे चांगले निघाले. आता कुठे नाव-पत्ता असलेला माणूस सापडला होता.

मी फ्रीज दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं तेच करतोय. बायको रसायनशास्त्रातली, संशोधन संस्थेत कामाला. तिच्या माहेरच्यांना हे लग्न कसं जमलं याचं कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. जमलं कसं तर संस्थेतला फ्रीज बिघडला म्हणून. मी तो खोलून बसलो होतो आणि ती डोक्यावर उभी राहून प्रत्येक स्क्रूबद्दल विचारत होती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हाकललं असतं.

तिचं काम काय, हे मला तिनं माझ्याच भाषेत सांगितलं होतं.

"ओ फ्रीजवाले, जिन्यावरून फ्रीज नेताना वळणावर अडकला तर काय करता?"

"शिव्या देतो."

"त्याच्या आधी?"

"तिरका करतो."

"आणि तिरका होऊन अडकून बसला तर? आपोआप सरळ होतो?"

"होतोय कसला! चार माणसं लागतात."

"मग माझी पावडर तशीच आहे. तिच्या कणाकणात जिने आहेत. नुसती भोकं, डोळ्यांना न दिसणारी. प्रत्येक भोकात एकेक लांबट रेणू बसवलाय. उन्हातला जांभळा भाग त्याच्यावर पडला की तो वाकतो, आणि जागा अरुंद म्हणून तसाच अडकतो. वाकताना घेतलेली ताकद त्याच्यातच राहते. चार-चार महिने. मग लागेल तेव्हा जरा गरम करायचं. सगळे एकदम सरळ होतात आणि ती ताकद ऊब होऊन बाहेर येते. उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात वापरायचं."

"आणि तोवर ठेवायचं कुठे?"

"काळोखात. आणि काळोख म्हणजे काळोख. कारण साधा उजेड—"

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुणाच्या तरी फ्रीजमधून पाणी गळत होतं. मी उठून गेलो आणि बाकीचं सांगायचं राहिलं.

काळोखासाठी तिनं संस्थेतला एक जुना, टाकून दिलेला फ्रीज घेतला होता. रबर चांगलं होतं, दार घट्ट बसत होतं. आतलं थंडीचं बटण बदलून घेऊन तिनं तो वीस अंशांवर लावला होता, म्हणजे उन्हाळा असो की हिवाळा, आत हवा एकसारखी. बाहेरून काळा रंग दिला होता. त्याला सगळे काळं कपाट म्हणायचे. भरलेल्या पावडरीच्या काचेच्या नळ्या त्यात ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी काढून मोजायच्या. तिच्या नळ्या एकशे वीस दिवस टिकल्या. शंभरातले सहा भाग ताकद गळाली, चौऱ्याण्णव भाग शाबूत. तो आकडा आला त्या दिवशी ती घरी येऊन चपला न काढता पलंगावर आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

आजारपण पाच महिने चाललं. शेवटच्या आठवड्यात ती इस्पितळात जागी असायची ती थोडा थोडा वेळ. एकदा जागी झाली आणि मला जवळ बोलावून म्हणाली, "माझ्या कपाटाला कुणाला हात लावू देऊ नकोस. तिकडे सांग."

मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काहीतरी बोलेल. आमच्याबद्दल बोलेल.

"मरू दे तुझं ते कपाट," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून घेतले. मी तिकडे निरोपही दिला नाही.

शुक्रवारी सकाळी मी संस्थेत गेलो. पायऱ्या चढताना मनात वाक्यं जुळवत होतो. एकेक वाक्य असं, की साहेब खुर्चीतून उठलाच पाहिजे.

तिचे साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. उंच, वाकलेला माणूस, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. त्यांच्या खोलीला लागूनच प्रयोगशाळा, मधलं दार उघडं. तिथे बायकोच्या हाताखाली शिकलेली मुलगी काम करत होती. जाड चष्मा, म्हणून बायको तिला चष्मेवाली म्हणायची. मला बघून ती उभी राहिली, मग काय करावं ते न सुचून परत बसली.

"या, बसा," साहेब म्हणाले. "चहा?"

"चहा नको. हे पत्र तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"तुमच्या स्वतःच्या हातानं?"

"टाइप मी केलं नाही. पण हो, माझंच आहे."

"लाज वाटली नाही?"

चष्मेवालीच्या हातातून काहीतरी खाली पडलं. साहेबांनी टेबलावरचा पेन सरळ केला.

"वाटली," ते म्हणाले. "तीन महिने वाटत होती, म्हणून तीन महिने पाठवलं नाही. जगात आणखी दोन ठिकाणी लोकांनी आमचा प्रयोग करून पाहिला. आमची पावडर त्यांना बनवता येत नव्हती, म्हणून आम्हीच नऊ वेळा बनवली. तिच्या वहीप्रमाणे पायरी न पायरी केली. तीच भट्टी, तोच दिवा, तेच कपाट. तीन आठवड्यांत पावडर रिकामी. नऊच्या नऊ वेळा."

"मग तुमचं चुकत असेल."

"असेल. पण काय चुकतंय ते कुणाला सापडत नाही. तिच्याशिवाय कुणाला जमत नाही, त्याला शोध म्हणत नाहीत."

"ती असती तर तुमची हिंमत झाली असती असं लिहायची?"

"ती असती तर मी तिला विचारलं असतं," साहेब म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

मग मी जास्तच ओरडलो. तिनं अठरा वर्षं सणवार बघितले नाहीत म्हणालो. तिच्या कामावर तुम्ही परदेशात भाषणं केलीत म्हणालो. ती मेल्यावर तिच्या डोक्यावर खापर फोडता, तुमच्यापेक्षा गल्लीतले भुरटे चोर बरे, ते निदान समोरून तरी पळतात. साहेब ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "बरोबर आहे." त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. भांडायला गेलेल्या माणसाला कुणी 'बरोबर आहे' म्हणू नये.

दम घ्यायला मी थांबलो तेव्हा मला ते ऐकू आलं.

प्रयोगशाळेतला फ्रीज चालू होता. त्यात विशेष काही नाही. पण मी खोलीत शिरलो तेव्हाही तो चालू होता. माझा अख्खा तमाशा होईपर्यंत चालूच होता. माझा कान तसा आहे. बायकोशी भांडतानासुद्धा शेजारच्या फ्लॅटमधला फ्रीज कधी बंद पडतो ते मला कळायचं, आणि ती त्यावरूनही भांडायची.

"तो कुठला फ्रीज?" मी विचारलं.

"काळं कपाट," चष्मेवाली आतून म्हणाली.

"वीस अंशांवरच आहे ना अजून?"

"हो, काका. रोजची नोंद आहे." तिनं एक कागद आणून दाखवला. वीसवर सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी.

"या खोलीत किती आहे?"

"बावीस. नेहमी बावीसच असतं."

बाहेर बावीस, आत वीस. अशा फ्रीजला काही कामच नसतं. त्यानं तासातून कधीतरी दोन मिनिटं गुरगुरावं आणि परत झोपावं. हा धाप लागल्यासारखा चालत होता. रेघ सरळ होती, पण ती सरळ ठेवायला तो मरमर मरत होता. आत काहीतरी तापत होतं.

"किती दिवस असा चालतोय?"

"कसा?" चष्मेवालीनं विचारलं. तिला तो ऐकूच आला नव्हता. ज्या आवाजात रोज बसतो तो आवाज माणसाला ऐकू येत नाही.

मी जाऊन दार उघडलं. आत नळ्यांचे चार स्टँड, त्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या, आणि वरच्या कोपऱ्यात दिवा. फ्रीजमध्ये असतो तसला पंधरा वॅटचा, साधा पिवळा. मी हात लावला आणि चटका बसला.

दार उघडल्याबरोबर दिवा लागतो, पण लागल्याबरोबर तो तापत नाही. त्याला वेळ लागतो.

प्रत्येक घरात एक तरी मूल मला विचारतं, काका, दार लावल्यावर दिवा खरंच विझतो का? मी त्यांना दाराच्या चौकटीतलं बटण दाखवतो. दार बंद झालं की ते दबतं आणि दिवा विझतो. बोटानं दाबून दाखवलं की पोरं खूश होतात. मी काळ्या कपाटाचं बटण बोटानं दाबलं. दिवा विझला नाही. जोरात दाबलं, हलवलं, ठोकलं. आतली पट्टी चिकटलेली होती. दिवा आपला तसाच जळत राहिला.

"तुझा फोन आण," मी चष्मेवालीला म्हणालो. "व्हिडिओ चालू कर आणि आत ठेव."

तिनं ठेवला. मी दार लावलं. आम्ही तिघं बंद दाराकडे बघत उभे राहिलो. मग तिनं फोन काढून दाखवला. दार बंद होताना दिसत होतं, आणि बंद झाल्यावर आतल्या नळ्या, चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवरची अक्षरं, सगळं लख्ख दिसत होतं.

"साध्या उजेडानं ते रेणू सरळ होतात," साहेब हळू म्हणाले. "जांभळ्यानं वाकतात, पिवळ्या-निळ्यानं परत सरळ. आम्ही दर वेळी भरत होतो आणि इथे आणून रिकामं करत होतो."

"नळ्यांना काही गुंडाळलं का नाहीत?"

"ताई गुंडाळत नव्हत्या," चष्मेवाली म्हणाली. "वहीत लिहिलंय, काळ्या कपाटात ठेवणे. आम्ही वहीत लिहिलंय तेवढंच केलं."

माझ्या अंगात जोर आला. सापडलं. बायको खरी, हे सगळे आंधळे. आता मी साहेबांना सोडणार नव्हतो. "तिच्या वेळी हा दिवा नव्हताच!" मी म्हणालो. "तिनं काढून ठेवला असणार. फ्रीजवाल्याच्या बायकोला दिवा काढणं म्हणजे काय? नळ बंद करण्यासारखं. वहीत कशाला लिहील ती? मग हा कुणी लावला? कुठल्या गाढवानं लावला हा?"

चष्मेवालीनं मान खाली घातली. मी रुमालात धरून दिवा फिरवला आणि काढला. तळाच्या पत्र्यावर काळ्या मार्करनं तारीख होती. तारखेच्या पुढे लहानसा त्रिकोण.

मी बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर मी तारीख घालतो आणि त्रिकोण काढतो. गिऱ्हाईक उद्या म्हणालं की तुम्ही जुनंच लावलंत, तर दाखवता यावं म्हणून. सत्तावीस वर्षांची सवय आहे.

तारीख ती गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली होती.

मग सगळं आठवलं. मी तिचं सामान न्यायला आलो होतो. एक कप, एक कोट, टेबलाखालच्या चपला, एवढंच एका खोक्यात बसलं. तिचं कपाट बघायचं म्हणून दार उघडलं तर आत अंधार. दिव्याची जागा रिकामी. मला तो अपमान वाटला. फ्रीजवाल्याच्या बायकोच्या फ्रीजला दिवा नाही! पाच महिने तिच्यासाठी मला काहीच करता आलं नव्हतं. हे येत होतं. पिशवीत दिवा होता, मी लावला. बटण दाबून बघायचं असतं, पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. मी बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून बघितलं नाही.

"काका," चष्मेवाली म्हणाली, "मी तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं. म्हटलं होतं, आता आतलं नीट दिसतं." आणि ती रडायला लागली.

मी साहेबांकडे बघितलं. आता त्यांची पाळी होती. मी त्यांना चोर म्हणालो होतो, गाढव म्हणालो होतो. त्यांनी मला तोंडावर काहीही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. सोमवारचं पत्र थांबवा."

"थांबवतो. पण नुसतं हे बोलून चालणार नाही. नवी पावडर भरून, दिवा काढून, एकशे वीस दिवस ठेवावी लागेल. आणि तुम्हाला हे लिहून द्यावं लागेल."

मी तिथंच लिहून दिलं. चारच ओळी. दिवा मी लावला, अमुक तारखेला, न विचारता. बटण खराब होतं, ते मी तपासलं नाही. बायकोनं कपाटाला हात लावू देऊ नको असं सांगितलं होतं, तो निरोप मी दिला नाही. खाली सही केली आणि सवयीनं त्रिकोण काढला.

एकशे वीस दिवस मी गिऱ्हाइकांशी नीट बोललो नाही. दोघांनी दुसरा माणूस शोधला. मेहुणी अधूनमधून यायची, माझं तोंड बघायची आणि "अजून किती दिवस?" एवढंच विचारायची. मी आकडा सांगायचो. कधी माझ्यावर चिडायचो, कधी तिच्यावर. म्हणजे बायकोवर. एक वाक्य वहीत लिहायला काय झालं होतं? मग आठवायचं की वहीत नाही लिहिलं, पण मला सांगितलं होतं.

फोन आला तेव्हा मी एका घरात फ्रीज आडवा करून बसलो होतो.

"काका, सात," चष्मेवाली म्हणाली. "शंभरातले सात गळाले. ताईंचे सहा होते. मला त्यांच्याइतकी सफाई नाही, म्हणून सात. लेख मागे घ्यायचा नाही. फक्त एक खुलासा छापायचा."

मी म्हणालो बरं, आणि घरमालकिणीला म्हणालो की मी दहा मिनिटांत येतो. जिन्यात जाऊन बसलो.

खुलाशाचा मसुदा साहेबांनी मला पाठवला. चांगला माणूस आहे तो, मी आता मान्य करतो. पण मसुदा वाचला आणि माझं परत डोकं फिरलं. मी थेट त्यांच्या खोलीत गेलो.

"हे काय लिहिलंय? 'साठवणीच्या उपकरणात अनवधानाने प्रकाश राहिल्याने'?"

"तेच झालं ना?"

"अनवधानानं कुणाच्या? प्रकाश काय स्वतः चालत आला? वाचणारा म्हणेल, कपाट तिचं, अनवधान तिचं."

"तसं कुणी म्हणणार नाही."

"तुमच्या पहिल्या पत्रात 'दिवंगत सहकारी' लिहिता आलं. चूक तिची वाटत होती तेव्हा माणूस सापडला. आता चूक माझी आहे तर प्रकाश राहिला, होय?"

"अहो, लोक हसतील. शास्त्रीय लेखात असं लिहीत नाहीत."

"हसू दे. माझ्यावर हसू दे, तिच्यावर नको."

साहेबांनी पेन उघडला. मग लिहायला लागले.

छापील अंक मेहुणीनं वाचून दाखवला. याही वेळी चष्मा विसरली होती. इंग्रजीतला मजकूर एकेक वाक्य थांबून मराठीत सांगत होती.

"'कपाटातला दिवा त्यांनी सुरुवातीलाच काढून ठेवला होता. त्यांच्या निधनानंतर तो त्यांच्या पतीने पुन्हा बसवला. ते फ्रीज दुरुस्तीचे काम करतात. मूळ मोजमापे बरोबर आहेत.'" तिनं अंक मिटला. "झालं. छापून आलात, भावोजी."

"हं."

"ताई असती तर तुम्हाला फोडून काढलं असतं."

"हो," मी म्हणालो.

मी वाट बघत होतो. बहीण आहे तिची, तोंडाची फटकळ आहे, निदान हिनं तरी फोडून काढावं. तिनं अंक ओट्यावर ठेवला, दूध काढायला माझ्या फ्रीजचं दार उघडलं, आणि दूध काढण्याआधी बोटानं ते बटण दाबून बघितलं. दिवा विझला. तिनं बोट काढलं, परत दाबलं.

"विझतो," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी ओरडलो. "माझाच आहे तो फ्रीज."